दिवसाआड समुद्र

नर्मदेचा नळ आमच्याकडे दिवसाआड येतो
म्हणून तालीमही दिवसाआड.
लोकमान्य नगरातली गच्ची,
निळा टब, ज्यात एरवी गोधड्या भिजतात,
त्यात तोंड बुडवून अद्वय उभा आहे, ओणवा,
आणि कानामागून वर आलेली पिवळी नळी
फुर्र फुर्र करते आहे,
ग्लासातलं ताक संपल्यावर स्ट्रॉ करते तशी.

नाकाने नाही रे. नाक सुट्टीवर आहे.
तोंडाने घे. तोंडाने सोड. घाई कुणाला आहे?
हे मी सांगते आहे. मी,
जिने महूनाक्याच्या तरणतलावात
तीन उन्हाळे घालवले
आणि फक्त काठावरची लोखंडी शिडी शिकली.

ऊर्वी अकराची. तिला सगळं येतं.
मत्स्यालयाने पाठवलेला कागद
ती बँकेतल्या बाईसारखा वाचते:
माशांना हात लावू नये. काच पायाने ढकलू नये.
गाइडच्या पुढे जाऊ नये.
अंगठा वर म्हणजे छान नव्हे,
अंगठा वर म्हणजे मला वर न्या.
छान असेल तर बोटांचं वर्तुळ.

अद्वयला हे पटत नाही.
आठ वर्षं अंगठा म्हणजे छानच होता.
परवा कढी आवडली म्हणून त्याने अंगठा उचलला
तर ऊर्वीने काखेत धरून
त्याला खुर्चीवरून वर काढलं,
वाटी सांडली,
नियम मात्र पाठ झाला.

मग चष्मा. साडेतीनचा नंबर.
मुखवट्यात चष्मा मावत नाही,
आणि चष्म्याशिवाय शार्क म्हणजे, त्याच्याच शब्दांत,
'काहीतरी करडं, सरकणारं.'
राजवाड्यामागच्या नीमाजींनी मुखवटा उलटसुलट केला,
'मैडम, इतनी दूर, मछली देखने?'
आणि चार दिवसांनी आतून भिंगं चिकटवून दिली.
गच्चीवर उभं राहून त्याने तो घातला,
बराच वेळ काही बोलला नाही, मग म्हणाला,
बिल्लोरे भाभींच्या तिसऱ्या पापडाला
कावळ्याने भोक पाडलंय.

काचेवर वाफ धरू नये म्हणून आतून थुंकी लावायची असते.
रस्त्यावर थुंकलं की पावती फाडणाऱ्या या शहरात
मी दोन मुलांना रांगेत उभं करून
थुंकायला शिकवते आहे,
आणि ती इतकी मन लावून शिकताहेत
की पाढ्यांचं मला वाईट वाटतं.

आई, तिथे पाणी किती खोल?
तुला उभं राहायचंच नाहीये, तरंगायचंय.
पण उभं राहावंसं वाटलं तर?

मी नळ बंद केला.
टबात त्याचे गुडघे होते, वाकडे झालेले,
आणि जलूदहून डोंगर चढून आलेलं पाणी,
तेही थोडं दमल्यासारखं.
वाटलं तर गाइडचा हात धर, म्हटलं.
त्याने मान डोलावली. समाधान झालं नाही,
दोघांचंही.

कागदाची शेवटची ओळ ऊर्वी जरा हळू वाचते:
पालकांनी काचेच्या बाहेर थांबावे.
याची तालीम कशी करायची
हे कुठेच लिहिलेलं नाही.

रात्री ती झोपल्यावर
मी कोरड्या पलंगावर नळी तोंडात धरून बसले.
पंखा चालू. नाक सुट्टीवर.
श्वास एवढा मोठा असतो?
आत जाताना एक, बाहेर येताना दुसराच,
जणू शेजारी कुणी झोपलंय, अनोळखी, जड.
नवरा जागा झाला. दिवा लावला नाही.
काय गं, बरी आहेस ना?

तोंडात नळी. बोलता येईना.
मी हात वर केला,
बोटांचं वर्तुळ झालं की नुसताच अंगठा राहिला,
अंधारात मलाही दिसलं नाही.

उद्या नळाचा दिवस.
टब घासून ठेवायला हवा.