दोनशे चौदावी फीत

खोक्यावर निळ्या शाईत एवढंच:
"बाई. विहीर. एरिगावोच्या पूर्वेला. वारा फार."
साल पुसलेलं.
खाली लीबान नावाच्या यंत्रवाल्याची सही,
ती मात्र ठसठशीत.

फीत चिकटलेली होती. रात्रभर मंद ऊब दिली
आणि सकाळी हर्गेसाच्या या खोलीत
पंखा बंद करून, खिडकी लावून
चढवली.

आधी लाकडी घंटा, उंटिणीच्या गळ्यातली. ठक्. ठक्.
मग पोहरे ओढणाऱ्यांची हाळी,
एक फेकतो, बाकीचे झेलतात,
दोणीत पाणी पडतं.
मग ती.

तिच्या ओळीओळीत द.
आमच्याकडे कवितेनं एकच अक्षर धरून चालायचं असतं,
सुटलं की लोक हसतात.
दयह म्हणजे चंद्र, दब म्हणजे विस्तव, देरो, हरिणी...
कोरड्या नाल्यातल्या दगडांवरून जावं
तशी ती एका द वरून दुसऱ्या द वर पाय देत जाते.
मध्येच खोकते.
फितीनं खोकलाही सांभाळलाय.

खालच्या चहावाल्या गेल्लेंना बोलावलं.
ऐकता ऐकता ते पुटपुटू लागले,
वाऱ्यानं गिळलेली ओळ त्यांनी
पोहऱ्यासारखी वर काढून दिली, ओलीच.

"तुम्ही होतात तिथे?"
"नऊ वर्षांचा. पोहरे मोजणारा तो किरटा आवाज माझा."
मागे नेऊन लावलं. अठरा, एकोणीस, परत एकोणीस.
"आता बाप कान पिळेल बघ."
पिळला. पन्नास वर्षांनी दोघेही हसलो.

मग म्हणाले,
"कविता तिची नव्हे हं.
सुरू करण्याआधी तिनं कवयित्रीचं नाव घेतलं होतं.
घ्यावंच लागतं.
बिननावानं म्हणणं म्हणजे
दुसऱ्याची उंटीण दोहणं.
लीबान तेव्हा बॅटरी ठोकत बसलेला."

"नाव काय?"

गेल्ले कपात बघत राहिले.
एकशेवीस ओळी मुखोद्गत,
एका दुपारी ऐकलेल्या.
"त्या वेळी," ते म्हणाले,
"मी त्या दोन चाकांकडे बघत होतो.
फिरायला लागली नव्हती अजून."

मी खोक्यावर लिहिलं: कविता या बाईची नाही.
पुढे काय लिहावं सुचेना.
गेल्ले उठले, रिकामे कप घेतले
आणि जिना उतरताना द च्या बायका आठवू लागले,
पायरीला एक:
दहबो... देका... दुनियो...
एका पायरीवर थांबले. काहीतरी म्हणाले.

यंत्र सुरू करायचं मला सुचलं
तोवर ते रस्त्यावर पोचले होते,
कुणीतरी दोन चहा मागत होतं.