पोटाखालून

सर्जेकोटच्या जेटीवर, बर्फाच्या टेम्पोच्या सावलीत
निहार धुरी आणि ॲल्विन
रोज संध्याकाळी मोबाईलवर लढाई लावतात.
कुणाचं रडार किती लांबचं बघतं,
कुणाचं क्षेपणास्त्र किती मैल जातं,
वळताना कोण किती जी सोसतं.
राफेलला दहापैकी नऊ, सुखोईला आठ,
जे-टेनला किती द्यायचे यावर मारामारी.
मग हाक येते,
"कुबलकाका, तुमीच सांगा. तुमी थंय होतास."

होतो. एकवीस वर्षं होतो.
पण बाबांनो, मी विमान पाहिलं ते पोटाखालून,
पाठीवर पडून, दातांत टॉर्च धरून.
तिथून शत्रू दिसत नाही.
तिथून दिसतो हायड्रॉलिकचा एक थेंब,
लालसर,
पडू की नको या विचारात लटकलेला.

विचारताच आहात तर ऐका.
मिग एकवीस म्हणजे टोळ मासा.
सगळी चोच आणि सगळी घाई,
उतरतानाही पळतच उतरायचा.
सुखोई ही मोरी. भलं मोठं अंग, लांबची भूक,
आणि एवढ्या अंगाने जागच्या जागी वळते
तेव्हा पाहणाऱ्याच्या पोटात गोळा येतो.
राफेल वागळी. अंग तेच पंख,
नाकामागे दोन छोटे कल्ले.
आणि त्यांचं जे-टेन? तेही वागळीच्याच कुळातलं, निहार.
नाक मुरडू नकोस.
एफ-सोळा एकाच काळजावर उडतं,
पण काचेच्या घुमटात बसलेल्याला
चहूकडचं आभाळ दिसतं.

पण या वागळ्या एकमेकींचं तोंड बघत नाहीत आता.
कोण आधी बघतो, एवढंच.
तुझ्या बापाला विचार.
पर्सिनवाल्याकडे सोनार, तुझ्या बापाकडे दोन डोळे,
त्यातल्या एकात मोतीबिंदू.
बांगडा कुणाला गावतो?

माझे गुण वेगळे.
एक तास उडायला आम्ही किती तास खाली पडायचो, ते.
कुठला नट हाताला लागतो
आणि कुठला लागावा म्हणून बोटांची सालं सोलून द्यावी लागतात.
हा चट्टा मिराजचा. हे वाकडं नख सुखोईचं.
राफेलला मी हात लावलेला नाही,
त्याआधीच पेन्शनीत आलो.
म्हणून त्याला नऊ द्या, मला काय.

जे-टेनच्या पोटाखालीही कुणीतरी पडलेला असेल.
त्याच्याही दातांत टॉर्च.
त्याला विचारलंत, कोण भारी,
तर तो म्हणेल, थांबा, आधी पाना गावू दे.

कारण पेटीत प्रत्येक पान्याला त्याच्या आकाराचा खळगा असतो,
आणि एकही खळगा रिकामा असला
तर विमान हलत नाही.
एका रात्री आम्ही चाळीस जण
हँगरच्या फरशीवर गुडघ्यांवर रांगत होतो.
पहाटे चारला सापडला, माझ्याच मोज्यात.
कुणी हसलं नाही.

इथे पेटी नाही. गोणपाट आहे.
आउटबोर्ड मशीन उघडतो, गोणपाटावर पाने मांडतो,
अंधार पडला की मोजतो.
आज दहा नंबरचा नाही.
ॲल्विनचा बाप म्हणतो,
"जाऊक दे रे, एका पान्यान काय होता?
सुकती संपत इली, माका जाळ्यार जाऊचा आसा."
मी दोर सोडू देत नाही.

मग सगळे चिखलात.
कालवांनी पाय कापत, मोबाईलचे दिवे खाली धरून.
निहारच्या उजेडात एक कुर्ली, एक चप्पल,
बाटलीचं बूच.
वरून काहीतरी गेलं, गोव्याच्या अंगाने.
आवाज नंतर आला.
दोन इंजिनं. कुठलं, ते मला कळलं.
पोरांनी मान वर केली नाही,
आणि मीही सांगितलं नाही.

पाणी घोट्यापर्यंत चढलं तेव्हा ॲल्विन ओरडला,
"गावलो! काकानू, गावलो!"

हातात घेतला, बोटाने चिखल पुसला.
अकरा नंबरचा.
गंजून लाल झालेला, दुसऱ्याच कुणाचा तरी.