पायदळ

होळी आठ दिवसांवर आली की
साऱ्या वाड्या-वस्त्यांचे टाक आमच्या ओट्यावर येतात,
चिंचेच्या कोळात पालथे पडतात:
नाक झिजलेला बहिरोबा, कुणाचा पणजा,
कुणाची विहिरीत गेलेली सवत.
कऱ्हाडात ओताऱ्यांची घरं तेव्हा तीन.

गोजरा सुर्वे मसूरकडच्या वाडीवरून चालत आली.
भाकरीच्या फडक्यातून तिनं चकती काढली,
तळहाताहून मोठी, जुन्या चिंचेच्या रंगाची, जड.
"ह्येचा ईर करून द्या."

चकतीवर एक बाई उभी. डोक्याला टोप,
हातात पानांचं कडं, पायाशी सिंह.
अंबाबाईच की ही, मी म्हणालो.
"मग मासं कशापायी?"
खरंच, दोन मासे होते बाईच्या दोन्ही अंगांना.
"दिवाळीपासनं बघतीया हिच्याकडं.
त्येला कुठं भेटली आसंल ही?"

नाव बाजूला, चौकटीत.
समोरून मास्तर चालले होते, त्यांना वाचायला दिलं.
चष्मा पुसून म्हणाले, ब्याजी सुर्वे.
"बयाजी," ती म्हणाली.
इथं ब्याजीच आहे.
कडेनं गोल अजून बरंच काही होतं.
हा मानासाठी आणि स्वातंत्र्यासाठी मेला,
असं त्यांनी मला सांगितलं ती गेल्यावर, हळू आवाजात.
त्यांची पेन्शन दोन वर्षांवर होती.

अकरा रुपयांवर भरती. बसऱ्याला उतरला.
मग कूत नावाच्या गावात पाच महिने वेढा.
घरी कागद आला त्यावर तारीख होती, तिथी नव्हती.
सर्वपित्रीला घास ठेवते म्हणाली,
समद्यांच्यात येऊन जेवत आसंल तर जेवत आसंल.
चावडीच्या भिंतीत सरकारनं दगड बसवलाय,
गेले एकोणचाळीस, मेले सात.
"सातातला कितवा, त्ये न्हाई."

हे काशाच्या जातीचं, मी सांगितलं, घणाखाली तडकेल.
वितळवावं लागेल. बाई, सिंह, नाव, सगळं जाईल.
"जाऊ द्या. तिचं ती बगंल."

मी ठसा पुढं केला.
आज्यापासून एकच ठसा आमच्याकडं वीराचा:
घोडा, वर स्वार, उगारलेली तलवार, खाली कुत्रं.
कोणी कसाही मरो,
वीर झाला की घोड्यावर बसतो.

ती ठशावर हात ठेवून बसली.
भाता निवत चालला.

"घोडं नगं."

वाडीचा हणमा घाडगे परत आला होता तिथून, खोकत.
त्यानं सांगितलेलं:
दाणा संपला तेव्हा पलटणीची घोडी कापली.
हणमानं खाल्लं.
बयाजी साहेबाची तांबडी घोडी रोज नदीवर न्यायचा,
तिच्याशी मराठीत बोलायचा.
त्यानं तोंड फिरवलं ते फिरवलंच.

"जिच्यापायी उपाशी मेला
तिच्यावरच बशिवता व्हय त्येला?"

मग कसा काढू?

"चालत ग्येला, चालतच काडा.
आन् बूट घाला. सुट्टीला आलता तवा बूट हुतं पायात.
जाताना अंगणात वाजत ग्येला."

मी जन्मात बूट कोरला नव्हता.
मामलेदार कचेरीपुढं दोन दिवस उभा राहून
पहाऱ्याच्या शिपायाचे पाय बघितले,
तिसऱ्या दिवशी त्यानं हटकलं.
मेणात तीनदा बिघडला.
चौथ्यांदा नाडी उमटली.

टाक अंगठ्याएवढा, धातू पुष्कळ उरला.
घंटा करू का बैलाला, विचारलं.
"नगं. सरकारी हाय, उद्या मागत्याल,"
असं म्हणून गोळा फडक्यात बांधून नेला.

पुढल्या होळीला तिनं देव आणले उजळायला.
जोतिबा, जानाई, सासूची सासू, सगळे अनवाणी.
वहाणा उंबऱ्याबाहेर काढणारं ते घर,
आणि देव्हाऱ्यात हा एकटा बुटासकट.
कपाळाला हळद. बुटांना खोबरेल.

बाकीचे मी पाण्यात सोडले.
ह्याला उचलला तसा तिनं हात धरला.

"त्येला कोळात नगा घालू," म्हणाली,
"बूट वल्लं हुत्याल."