एक्केचाळीस ओळी

अकरा हजार दोनशे सहा निकाल वाचले,
म्हणजे मी नाही, यंत्राने.
मी फक्त तीन वर्षं त्याला भरवत बसले
कोन्सेप्सिओनच्या विद्यापीठात, तळघरातल्या खोलीत,
जिथे हीटर खोकतो
आणि खिडकीतून दिवसभर मोटारींची चाकं तेवढी दिसतात.

कौटुंबिक न्यायालयं. पोटगीचे खटले.
बापाचा पगार, मुलं किती, दम्याचं औषध,
शाळेचे बूट, घरभाडं, दुसरा संसार:
प्रत्येकाला एक रकाना.
शेवटच्या रकान्यात न्यायाधीशाने लिहिलेला आकडा.
तो झाकायचा आणि यंत्राला म्हणायचं, सांग.

सांगतं. फारसं चुकत नाही.
पाचामुखी परमेश्वर म्हणतात;
इथे तर अकरा हजार मुखं,
आणि परमेश्वर दशांश चिन्हानंतरही दोन घरं बोलतो.

फक्त एक्केचाळीस ओळी ऐकेनात.
सगळ्यांखाली एकच सही: दानित्सा वुकासोविच, पुंता अरेनास.
कधी दुप्पट, कधी निम्मी,
आणि एकदा तर पैसेच नाहीत:
'दर शनिवारी बापाने मुलीला पोहायला न्यावं
आणि तिचे केस स्वतः पुसावेत.'
यंत्राने तिथे शून्य वाचलं.

एवारिस्तो सर म्हणाले, वगळ.
मसूर निवडताना आपण खड्याची कैफियत ऐकतो का?
वगळल्या. अचूकता चढली.
त्या रात्री मला छान झोप लागली.
हे मुद्दाम सांगते.

मार्चमध्ये विमानाचं तिकीट स्वस्त मिळालं, म्हणून गेले,
सत्याच्या शोधात वगैरे नाही.
पुंता अरेनासला वारा सुटला की
रस्त्याच्या कडेने दोर बांधतात, धरून चालायला.
मग सामुद्रधुनी ओलांडणारी बोट, मेंढ्यांचा एक ट्रक, मी.
पोर्वेनीरला पिवळ्या पत्र्याचं घर.
बाई निवृत्त, हातात लाकडी डाव,
चुलीवर रुबार्बचा मुरंबा.

लॅपटॉप उघडून आलेख दाखवला:
खालून चढत गेलेली सरळ वाट
आणि वाटेबाहेर उधळलेले लाल ठिपके.
तिने चष्मा पुसला. बोट ठेवलं.
हा कुठला?
मी क्रमांक सांगितला.
खोटं बोलत होता. कोट फाटका, बूट नवे.
हा?
तिला सही करायला फार वेळ लागला.
आणि हा, अगदी खालचा?

ढवळणं थांबलं.
मुरंबा खाली लागल्याचा वास आला, तरी ती हलली नाही.
त्या दिवशी माझी दाढ ठणकत होती, म्हणाली.
बाईचं म्हणणं बरोबर होतं. मी तिला बुडवलं.

असे किती? मी पेन काढलं.
खरंच काढलं; नवा रकाना डोळ्यांपुढे आलाच होता,
दाढ: होय किंवा नाही.

किती ते मला ठाऊक आहे, ती म्हणाली,
आणि तुला सांगणार नाही.
तुझं यंत्र लगेच शिकेल.
त्याला दाढ येईल, अक्कलदाढ नाही.

निघताना दारात विचारलं, त्या पोहण्याच्या निकालाचं काय झालं?
पहिले तीन शनिवार नेलं त्याने.
मग?
मग हिवाळा आला.

एक्केचाळीस ओळी मी परत घातल्या आहेत.
अचूकता उतरली.
सरांनी समासात लाल शाईने लिहिलंय: का?
चार उत्तरं लिहून खोडली.
पहिल्यात 'करुणा' हा शब्द होता, तो त्या दाढेपाशी अडखळला.
दुसऱ्यात 'गोंगाट' होता, तो ओल्या केसांपाशी.
उरलेली दोन सांगण्यासारखी नाहीत.
प्रबंध सोमवारी द्यायचा आहे.

बाईने दिलेली बरणी टेबलावर आहे.
करपलेला भाग तिने काढला नव्हता, ढवळून सगळ्यात मिसळला होता.
ब्रेडला लावते.
दुसऱ्या घासाला सवय होते.