बुधवारी नऊ

क्लाक्सविकच्या शाळेत मी नर्स आहे.
उंची, वजन, कान, दात,
आणि वर्षातून एकदा हा कागद:
शिडीचं चित्र, तळाशी शून्य, टोकाला दहा.
तू आत्ता कितव्या पायरीवर आहेस?
खाली चौकोन. मोकळ्या वेळात काय करतेस?
खेळ, वाद्य, वाचन, मोबाइल, इतर.
'इतर'पुढे जेमतेम बोटभर जागा.

बारा वर्षांची पोरं, वाकून लिहिणारी.
बाहेर धुकं डोंगरावरून थेट मैदानात उतरलेलं,
दोन गोलांपैकी एकच शिल्लक.

रानवॉच्या घरचं वेळापत्रक मला पाठ आहे,
फ्रिजवर, चार रंगांत:
सोमवारी हँडबॉल, मंगळवारी बासरी,
गुरुवारी पोहणं, शुक्रवारी परत हँडबॉल,
शनिवारी सामना, नाहीतर सामन्याला जायची बोट.
तिची आई चर्चच्या गायनात माझ्या शेजारी असते.
म्हणते, रिकामी राहिली की पोरं फोनमध्ये बुडतात.
तेही काही खोटं नाही.

रानवॉने सगळ्या चौकोनांत खुणा केल्या.
शिडीवर सहा लिहिलं, खोडलं,
मग शिडीच्या बाहेर, पेन्सिलीनं, बारीक:
बुधवारी नऊ.
आणि 'इतर'पुढे: होडीघर.
शेवटचं अक्षर समासात सांडलेलं.

मुद्दाम नाही गेले. माझी वाटच तिथून जाते.
दार अर्धं उघडं, आत डांबराचा, ओल्या लोकरीचा वास,
बायनिरच्या आजोबांची पालथी घातलेली होडी,
आणि ही दोघं तिचा रंग खरवडत बसलेली.
होडी काही आता समुद्रात जाणार नाही,
तळाला मूठ जाईल एवढं भोक आहे.
निळ्याखाली हिरवा निघाला, हिरव्याखाली पांढरा.
"त्याखाली काय असेल?"
"लाकूड, शहाणे."
"त्याच्या आधी?"
मग बराच वेळ नुसती खर्र, खर्र.
मोबाइल होता की. बादलीवर उभा,
टॉर्च लावून.
रानवॉच्या केसांत निळे कपचे,
नाक वाहतंय, पुसायचं भान नाही.
हँडबॉलमध्येही हसते ती, गोल झाला की, दोन्ही हात वर करून.
हे हसणं नव्हतं. तोंड जरासं उघडं, इतकंच.
घड्याळ कुणीच पाहिलं नाही.
मी पाहिलं.

हे सगळं इथेच संपवलं असतं,
पण गठ्ठ्यात हानुसचाही कागद आहे.
हानुसचा प्रत्येक बुधवार मोकळा.
सोमवारही. रविवारची दुपार तर पार संध्याकाळपर्यंत.
बाप मासेमारीच्या जहाजावर, आई रात्रपाळीला.
त्याने एकाही चौकोनात खूण केली नाही,
आणि शिडीवर तीन.
'इतर'पुढे काहीतरी लिहून
इतकं खोडलंय की कागद फाटलाय.
उजेडात धरून पाहिला. वाचता आलं नाही.

त्या संध्याकाळी धक्क्यावर तो उभा होता,
हात खिशात, बूट साखळीला ठोकत.
होडीघराच्या फटीतून उजेडाची रेघ
त्याच्यापासून चार पावलांवर येऊन थांबलेली.
"घरी नाही का गेलास?" मी विचारलं.
हा काय प्रश्न झाला!
"जाईन," म्हणाला.

आता मी आकडे भरतेय.
यंत्राला एकच हवा असतो, पूर्णांक,
बुधवार वगैरे त्याला कळत नाही.
हानुसचे तीन भरून टाकले, बोट जड झालं तरी.
रानवॉचा रकाना तेवढा उघडा आहे,
त्यात ती रेघ उघडझाप करतेय.
आज सोमवार.