कोपऱ्याची भीड

मंगळवारी संध्याकाळी चॅपलमागच्या हॉलात
आम्ही खुर्च्या भिंतीला लावतो,
राखाडी गालिचा उलगडून
त्याच्या कडा चिकटपट्टीने दाबतो.
वेल्सच्या त्या दरीत अंधार चारलाच उतरलेला असतो.
आत दीड वीत लांबीच्या गाड्या
गांधीलमाश्यांसारख्या घोंघावत
वळण शोधत येतात.

गालिच्याला वळण ठाऊक नसतं, सांगावं लागतं.
आमच्याकडे ते सांगायचा
सांडपाण्याच्या पाइपाचा एक उभा कापलेला तुकडा,
दोन स्क्रूंवर बसवलेला.
सांगायचा कसला, ओरडायचा.

त्या रात्री मेरेरिडचं चाक त्याला घासलं
आणि स्पंजाचा काळा लचका पडला,
उंदराने कुरतडावा तसा.
दहा वर्षांची पोर. चाकांचा एकच जोड,
शेजाऱ्यांची कुत्री फिरवून जमवलेल्या पैशांचा.
रडली नाही. वाकून तुकडा उचलला,
पडलेला दुधाचा दात ठेवावा तसा खिशात ठेवला.

मी त्या वळणावरचा मार्शल,
उलटलेली गाडी सुलटी करणं एवढंच माझं काम.
लचका कसा सुलटा करायचा?

इडवाल प्रोबर्ट माझ्यामागे उभा होता.
चाळीस वर्षं त्याने गावाचे बूट दुरुस्त केले;
टाच पाहून सांगायचा
कोण कुठल्या पायावर भार टाकून जगतं.
दुकान गेलं, सुरी राहिली.
तो काही बोलला नाही.
स्क्रू काढले, पाइप कोटात घातला, घरी गेला.

मग सुरू झाले त्याचे मंगळवार.
व्यायामाच्या चटईची चकती
तिसऱ्या फेरीत उडाली ती थेट चहाच्या टेबलावर.
सायकलच्या ट्यूबमध्ये वाळू भरली;
ट्यूब फुटली, आणि साडेदहापर्यंत आम्ही
वाळू वेचत गुडघ्यांवर.
मग आणलं तळव्याचं मऊ रबर, पातळ, लाडावलेलं.
ते बसलं. कुणाच्या चाकाला ओरखडा नाही.
आणि म्हणूनच कुणी वळेना.
बँकेतली सेरिस, जी रांगेत कधी पुढे घुसत नाही,
तीही कोपरा खाऊन सरळ निघून गेली,
वर हसली.

इडवालने टोपी मागे सारली.
“कोपऱ्याला भीड हवी,” म्हणाला.
माणसांत भीड भिकेची बहीण असेल,
कोपऱ्याचं मात्र तिच्यावरच चालतं.

वाट दाखवली त्याच्या बायकोने, एरिसने.
“चाक म्हणजे पावच की,” ती म्हणाली,
“पावावर ओढून बघ.”
मग स्वयंपाकघरात रोज रात्री
पांढऱ्या पावाची स्लाइस, रबराची कड, आणि चष्मा लावून
चुरा मोजणारा इडवाल.
अकरा कण. सुरी. सात कण. सुरी. पुन्हा नऊ,
हात थकला होता.
बदकं त्या महिन्यात गलेलठ्ठ झाली.

शेवटी आणली ती चकती बशीएवढी.
कड अशी तासलेली की बोट फिरवलं
तर कुठे सुरू झाली ते कळू नये;
मध्ये मात्र जुन्या टाचेचं टणक रबर,
अंगठ्याइतकं उंच.
खाली वेल्क्रो.
घसटलात तर माफी, चढलात तर
पुढची चाकं हवेत, आणि अर्धा सेकंद गेला.

मेरेरिड चढली.
गाडी शिंकल्यासारखी उडाली, वाकडी पडली, सावरली;
दोघे पुढे गेले. आठांत सातवी.
शर्यत संपल्यावर तिने चारही चाकांवरून
अंगठा फिरवला, सावकाश,
आणि इडवालकडे न बघता
पुढच्या फेरीसाठी बॅटरी लावली.

मला त्या रात्री फारसं काम नव्हतं.
खिशात हात घालून उभा राहिलो.

जुना पाइप आता दाराला अडण म्हणून असतो.
निघताना अजूनही
कुणाच्या ना कुणाच्या घोट्याला लागतो.