मागचा डावा

एर्लांगेनमधल्या त्या खोलीला खिडकी नाही.
भिंतींना राखाडी स्पंज, मधोमध एकच खुर्ची,
तिच्याभोवती पाच स्पीकर,
पंगतीत पान मांडून वाट बघत बसल्यासारखे.
सहावा कोपऱ्यात, बुटका, जाडजूड.
त्याला आम्ही पूर्ण अंकही दिलेला नाही.
पाच पॉइंट एक.
घुमणं, गडगडणं एवढंच त्याच्या वाट्याला,
म्हणून तो एक दशांश.

माझं काम कोंबण्याचं.
सहा वाटांनी आलेला आवाज दोन वाटांत बसवायचा
आणि सोबत एक चिठ्ठी जोडायची:
कोण कुणाहून किती मोठं,
कोण कुणाशी किती मिळतंजुळतं.
पलीकडचं यंत्र चिठ्ठी वाचून
सगळ्यांना पुन्हा आपापल्या जागी बसवतं.
जवळजवळ.
या जवळजवळवरच आमच्या संस्थेचा पगार निघतो.

उरलेलं फेकायचं.
थोरल्या आवाजाच्या सावलीत उभा असलेला बारका आवाज
कानाला कळतच नाही, असं कोष्टक सांगतं.
मग त्याच्यावर बिट कशाला खर्चायचे?

श्रोते येतात वीस युरो आणि कॉफीवर,
बहुतेक विद्यार्थी, हेडफोननं कान अर्धे गेलेले.
त्या मंगळवारी आल्या इर्मट्राउट क्योप्फ,
वय अडुसष्ट, चाळीस वर्षं चर्चमधले ऑर्गन सुरात लावून
निवृत्त झालेल्या.
बूट दाराशी काढले. काढा, असं कुणी म्हटलं नव्हतं.

पडद्यावर सात पट्ट्या, शून्य ते शंभर.
एकीमागे मूळ ध्वनिमुद्रण लपवलेलं.
टाळ्यांचा तुकडा झाला, हार्प्सिकॉर्ड झालं,
बारातले शेवटचे तीन तुकडे ऑर्गनचे.
सगळे मुळाला शंभर देतात.
बाईंनी दिले एकसष्ट. तिन्ही वेळा.

विचारायचं नसतं. मी विचारलं.
म्हणाल्या, हा वाल्डनरॉइटचा ऑर्गन.
मागे डावीकडे, जिन्याखाली, त्याचा भाता आहे.
तो श्वास घेतो तेव्हा एक फळी करकरते,
दर अकरा-बारा सेकंदांनी.
तुमच्याकडे ती नाही.
कुठल्या पट्टीत नाही?
कुठल्याच.

रात्री मी मूळ फाइल उघडली, न दाबलेली.
मागचा डावा एकटाच लावला.
दगडी भिंतींची हवा होती, कुणाचा तरी खोकला होता.
फळी नव्हती.
आम्ही काढली नव्हती बरं का.
मायक्रोफोनच तिथवर पोचला नसेल.

नियम असा की जो मुळालाच वारंवार
नव्वदच्या खाली उतरवतो
त्याचे कान भरवशाचे नाहीत, त्याचे गुण गाळावेत.
मी गाळले.
श्रोते एकवीस, वगळलेला एक.
जिनिव्हाच्या बैठकीत आमची पद्धत मानकात गेली,
परिशिष्टात का होईना.
डेटलेफनं सगळ्यांना बिअर पाजली.

नोव्हेंबरात मी वाल्डनरॉइटला गेलो, सव्वा तास बसनं.
घरी सांगितलं, काम आहे.
लोरेन्त्स नावाचा पोरगेला वादक सराव करत होता,
एकाच ओळीशी अडखळत.
भात्याचं विचारलं तर हसला.
भाता? तो काढला सत्त्याण्णव साली. आता मोटार आहे.
आमचं ध्वनिमुद्रण दोन हजार चारचं.

म्हणजे फळी तेव्हाही नव्हती.
बाईंनी एकोणचाळीस गुण कापले होते
सात वर्षांपूर्वी जळणात गेलेल्या लाकडासाठी.
चिठ्ठीत याला रकाना नाही.
मी मनातल्या मनात रकाने वाढवून पाहिले,
बिटरेट परवडेना.

जिन्याखाली आता झाडू आणि घडीच्या खुर्च्या.
मी शेवटून तिसऱ्या बाकावर बसलो, डाव्या हाताला.
पाय गारठले.
लोरेन्त्सनं पुन्हा तीच ओळ धरली.
मी अकरापर्यंत मोजलं. मग बारा.
त्यानं पान उलटलं.
मी परत एकपासून सुरू केलं.